लाल होताना उडणारं मशीन: उद्यमबागेतल्या एका सिलिकॉन कार्बाइड इन्व्हर्टरचं प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेत एक गल्ली आहे. तिच्या एका अंगाला फाउंड्री आणि समोर हीट ट्रीटमेंटची शेड. फाउंड्रीच्या दारात सिलिकॉन कार्बाइडची पोती रचलेली असतात. इंडक्शन फर्नेसमध्ये स्क्रॅपबरोबर ती टाकतात, म्हणजे लोखंडाला सिलिकॉनही मिळतं आणि कार्बनही. पोतं फाटलं तर काळी चकचकीत पूड रस्त्यावर सांडते आणि कुणी वाकून बघतही नाही. समोरच्या शेडमध्ये त्याच सिलिकॉन कार्बाइडचे करंगळीच्या नखाहून लहान आठ तुकडे एका इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे डीसी विजेचा वेगाने उलटसुलट होणारा करंट करणाऱ्या पेटीत, बसवले होते. दीड महिन्यात ते तीन वेळा उडाले. हे प्रकरण त्या आठ तुकड्यांचं आहे.

मी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. शेडचे मालक जुने ओळखीचे, वयाने मोठे, म्हणून त्यांना अण्णा म्हणायचं. इन्व्हर्टरवर काम करणारी मुलगी माझी एमटेकची विद्यार्थिनी, खानापूर तालुक्यातली. मशीन चालवणारे मामा येळ्ळूरचे. त्यांनी आयुष्याची तीस वर्षं तापलेल्या लोखंडाकडे बघण्यात घालवली आहेत. त्यांच्या बघण्याला या प्रकरणात माझ्या ऑसिलोस्कोपपेक्षा जास्त किंमत आहे, हे आधीच सांगून टाकतो.

काम काय होतं

शेडमध्ये जॉबवर्क चालतं. हायड्रॉलिक्सवाल्यांच्या स्पूल, पिना, लहान शाफ्ट येतात. त्यांचा पृष्ठभाग कडक करायचा आणि गाभा मऊ, चिवट ठेवायचा. तांब्याच्या कॉइलमध्ये जॉब धरायचा, कॉइलमधून जास्त फ्रिक्वेन्सीचा करंट सोडायचा, वरचा थर लालभडक झाला की पाण्याचा किंवा पॉलिमरचा फवारा मारायचा. थर किती जाड तापेल हे मुख्यतः फ्रिक्वेन्सी ठरवते. तापून चुंबकत्व गेलेल्या पोलादात १० किलोहर्ट्झला करंट साधारण ५ मिलिमीटर आत शिरतो आणि १५० किलोहर्ट्झला जेमतेम १.४ मिलिमीटर.

अण्णांकडे दोन मशिनं होती. एक आयजीबीटीचं, म्हणजे सिलिकॉनच्या एका जातीच्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं, १० किलोहर्ट्झचं. मोठ्या शाफ्टला उत्तम. पण १२ मिलिमीटर जाडीची ईएन ८ पोलादाची पिन त्यात धरली की ५ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ गाभ्यापर्यंतच. पिन आरपार तापते, आरपार कडक होते, क्वेंचमध्ये (फवाऱ्याखाली) वाकते, कधी उभी चिरते. म्हणून लहान कामाला दुसरं, जुनं व्हॉल्वचं, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबचं मशीन. माणसाच्या मांडीएवढा काचेचा ट्रायोड, त्याला हजारो व्होल्टचा डीसी, आणि शेडमध्ये सकाळी पहिलं काम म्हणजे फिलामेंट तापत ठेवणं. घेतलेल्या विजेतली निम्म्याच्या आसपास वीज कॉइलपर्यंत पोचते, उरलेली व्हॉल्वला थंड करणाऱ्या पाण्यातून जाते. व्हॉल्व गेला की दुसरा मिळेपर्यंत काम बंद, आणि असे व्हॉल्व बनवणारे जगात थोडेच उरलेत.

अण्णांनी मला विचारलं ते साधं होतं. “सर, त्या व्हॉल्वच्या जागी काय तरी आताचं बसवता येईल की न्हाई?”

बसेल, असं मी म्हटलं. कशामुळे बसेल ते इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्या ‘कशामुळे’च्या पोटातूनच निघाला.

हाच पदार्थ का

तीन फेजची ४१५ व्होल्टची लाइन रेक्टिफाय केली, म्हणजे एसीची डीसी केली, की साधारण ५८७ व्होल्ट डीसी मिळतो. झटके धरून स्विच १२०० व्होल्टचा हवा. साध्या सिलिकॉनच्या मॉस्फेटला, म्हणजे गेट नावाच्या टोकावर व्होल्टेज दिला की चालू होणाऱ्या स्विचला, १२०० व्होल्ट अडवायचे तर आतला अडवणारा थर शंभरेक मायक्रॉन जाड आणि कमी डोपिंगचा, म्हणजे करंट वाहू देणारी भेसळ कमी असलेला, ठेवावा लागतो. अशा थराचा रोध इतका की स्विच चालू असतानाच तापून बसतो. आयजीबीटी यातून वाट काढतो. तो त्या थरात होल, म्हणजे धन प्रभाराचे वाहक, भरून रोध खाली आणतो. पण बंद करताना ते भरलेले होल लगेच निघत नाहीत, करंटची शेपटी रेंगाळते. १० किलोहर्ट्झला ती शेपटी परवडते, १५० ला नाही.

सिलिकॉन कार्बाइडमध्ये गोष्ट मुळातच वेगळी आहे. सिलिकॉनची ऊर्जापट्ट्यांमधली फट १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर सिलिकॉन कार्बाइडच्या ४एच जातीची साधारण ३.२६. फट मोठी म्हणून इलेक्ट्रॉनला बंधातून उखडायला जास्त जोर लागतो, आणि पदार्थ फुटायच्या आधी जवळजवळ दहापट तीव्र विद्युतक्षेत्र सोसतो. तेच १२०० व्होल्ट मग दहाएक मायक्रॉनच्या थरात अडतात, आणि त्या थरात डोपिंगही बरंच जास्त ठेवता येतं. दोन्हींचा मिळून परिणाम असा की आदर्श रोध त्या विद्युतक्षेत्राच्या तिसऱ्या घाताने उतरतो. हा हिशेब बी. जयंत बालिगा यांनी मांडला आणि आजही पदार्थांची तुलना त्यांच्या नावाच्या गुणांकानेच करतात. बालिगा बेंगळुरूजवळच्या जालहळ्ळीत वाढलेले, आयआयटी मद्रासचे १९६९ सालचे पदवीधर. आयजीबीटी घडवण्यातही त्यांचा मोठा वाटा. म्हणजे आमच्या शेडमधलं दहा किलोहर्ट्झचं मशीन आणि त्याच्या शेजारी येऊ घातलेलं दीडशेचं, दोन्हींच्या मुळाशी एकाच माणसाचं काम आहे. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग त्यांनाच बोलवू की.”

गॅलियम नायट्राइड का नाही, असं मुलीने विचारलं. त्याची फट ३.४, म्हणजे आणखी थोडी मोठी. पण बाजारात सहज मिळणारे त्याचे स्विच बहुतेक ६५० व्होल्टचे, सिलिकॉनच्या चकतीवर वाढवलेल्या थरात आडवे बांधलेले. ५८७ व्होल्टच्या बसवर, म्हणजे इन्व्हर्टरच्या डीसी लाइनवर, ६५० चा स्विच लावणं म्हणजे काठोकाठ भरलेल्या घागरीने बैलगाडीतून पाणी नेणं. मोबाइलच्या चार्जरला ते झकास, आमच्या कामाला नाही. विषय तिथेच संपला.

तिला खरं तर पदार्थावरच संशोधन करायचं होतं. सिलिकॉन कार्बाइडचं हे घराणं विचित्र आहे. एडवर्ड अॅचेसनने १८९०च्या दशकात भट्टीत माती आणि कोक तापवताना ते मिळवलं, कठीण कणांचा धंदा उभा केला, आणि शंभर वर्षं जगाने त्याचा उपयोग मुख्यतः घासायला केला. चिपसाठी एकसंध स्फटिक हवा, आणि तो मिळणं महाकठीण. नेहमीच्या दाबाखाली हा पदार्थ वितळतच नाही, त्याची सरळ वाफ होते. त्यामुळे सिलिकॉनसारखा रसातून ओढून काढता येत नाही. दोन हजार अंशांच्या वर वाफ करून बीजस्फटिकावर थर बसवावा लागतो, आणि तो तासाला मिलिमीटरभरही वाढत नाही. १९७८ साली रशियन शास्त्रज्ञ ताइरोव आणि त्स्वेतकोव यांनी बीजावर वाढवायची ही रीत दाखवली. बाजारात त्याचा पहिला शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा घटक) यायला २००१ उजाडलं आणि मॉस्फेट यायला आणखी दहाएक वर्षं गेली. एवढा उशीर का, तर मॉस्फेटचा जीव गेटखालच्या ऑक्साइडमध्ये. सिलिकॉन कार्बाइड आणि ऑक्साइड जिथे भेटतात तिथे कार्बनमुळे असंख्य सापळे तयार होतात आणि इलेक्ट्रॉन त्यांत अडकतात. नायट्रिक ऑक्साइड वायूत भाजून त्यांतले बरेच बुजवता येतात, सगळे नाहीत. म्हणून या मॉस्फेटचा उंबरठा व्होल्टेज, म्हणजे गेटवर किती व्होल्ट दिले की तो चालू होतो तो आकडा, वापरात हळूहळू सरकतो.

तिला या सापळ्यांवर प्रबंध लिहायचा होता. मी म्हटलं, बाळ, बेळगावात ना एपिटॅक्सीची (स्फटिकावर थर वाढवायची) भट्टी, ना क्लीनरूम. बेंगळुरूच्या आयआयएससीसारख्या ठिकाणी हा मार्ग आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने भुवनेश्वरला सिलिकॉन कार्बाइड चिपचा कारखाना मंजूर केला, उद्या तिथेही असेल. इथे आपल्याकडे तापलेलं लोखंड आहे. त्याच्याशी या चिप कशा वागतात ते बघू. तिचं तोंड उतरलं. पुढच्या दोन महिन्यांत तिला जे दिसलं ते त्या सापळ्यांशी कसं जोडलेलं निघालं, ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

पहिल्यांदा उडालं

इन्व्हर्टर फुल ब्रिजचा, म्हणजे चार जागी स्विच असलेला केला, एका जागी दोन याप्रमाणे आठ मॉस्फेट, पुढे सीरिज रेझोनन्सचा (कॉइलबरोबर एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला झुलणारा) कपॅसिटर, जोड ट्रान्सफॉर्मर आणि कॉइल. लक्ष्य २५ किलोवॅट. वेळ आणि पैसा वाचवायला कंट्रोल कार्ड आणि स्विचच्या गेटला इशारा देणारे गेट ड्रायव्हर आम्ही अण्णांच्या १० किलोहर्ट्झच्या मशीनचेच घेतले. चांगलं चालणारं, सात वर्षांत एकदाही न बिघडलेलं कार्ड. ही माझी सूचना होती, आणि मी तिची जबाबदारी झटकत नाही.

डमी लोड म्हणून स्टेनलेसचा पाइप कॉइलमध्ये ठेवला. मशीन चार दिवस चाललं, पाइप लाल होत राहिला, हीटसिंक कोमट. अण्णांनी गड्याला पिटाळून कुंदा मागवला. पाचव्या दिवशी मामांनी १२ मिलिमीटरची पहिली पिन धरली. दोन सेकंद झाले न झाले, लवंगी फटाक्यासारखा आवाज, काळा धूर, आणि शेडचा मेन ट्रिप.

माझं पहिलं निदान: उष्णता. सिलिकॉनवर वाढलेल्या माणसाचं ते पहिलं निदान असतंच. हीटसिंकवर थर्मोकपल लावले, पेस्ट बदलली, पाण्याचा प्रवाह वाढवला. मॉस्फेट नवे बसवले. पुन्हा स्टेनलेस, पुन्हा दोन दिवस मस्त. पुन्हा पिन, पुन्हा आवाज.

दुसरं निदान: लाइट. जुलै चालू होता, खानापूरकडून येणारा पाऊस बेळगावावर तळ ठोकून, आणि एखादा फेज दिवसातून चार वेळा डोळा मारायचा. लाइनवर रेकॉर्डर लावला. त्या नादात एक खरी गोष्ट सापडली. पावसाळी सकाळी कूलिंगचं पाणी हवेतल्या दवबिंदूपेक्षा थंड असायचं. कोल्ड प्लेटवर दव धरायचं, आणि समोरच्या फाउंड्रीतून उडून आलेली काजळीसारखी ग्रॅफाइटची धूळ त्या दवात मिसळून बसबारमध्ये चिखलाची पातळ रेघ तयार व्हायची. तिचा रोध मोजला, आणि माझी झोप उडाली. पेटी बंद केली, रबराची सील लावली, पाणी थोडं कोमट ठेवायची व्यवस्था केली. हे न केलं असतं तर मशीन कधी ना कधी त्यानेच गेलं असतं. पण आमचा स्फोट काही त्याने होत नव्हता. तिसऱ्यांदा पिन धरली, तिसऱ्यांदा उडालं.

एका वेळी आठ मॉस्फेट. किंमत मी इथे लिहीत नाही. अण्णांनी ती मला तोंडाने कधी ऐकवली नाही, फक्त चहा सांगताना “सरांना बिनसाखरेचा” म्हणायला लागले, जरी मला साखर चालते.

मामांचं वाक्य

त्या संध्याकाळी मामा हात धूत होते. हात न पुसताच म्हणाले, “सर, तुमी कायबी म्हणा, पिन काळी हाय तवर कायबी होईना. लाल होऊलाली की उडूलालंय बघा. तिन्ही टायमाला तेच.”

मी म्हटलं, मामा, लाल तर स्टेनलेसचा पाइपही होतो.

“त्येला चुंबक कुठं चिकटतंय?”

मुलगी वहीवरून एकदम वर बघायला लागली. मला कळायला अजून अर्धा मिनिट लागला.

जुने लोहार पात्याला पाणी द्यायच्या आधी ते चुंबकाला चिकटतंय का बघतात. साधारण ७७० अंशांना लोखंडाचं चुंबकत्व जातं. ते गेलं की थोडं वर नेऊन पाणी द्यायची वेळ. कॉलेजात आम्ही याला क्युरी तापमान म्हणतो आणि दोन गुणांना विचारतो. पिन कॉइलमध्ये असते तेव्हा तिच्या चुंबकत्वाचा कॉइलच्या इंडक्टन्समध्ये वाटा असतो. चुंबकत्व गेलं की इंडक्टन्स घसरतो, आणि इंडक्टन्स घसरला की रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी वर पळते. स्टेनलेसच्या ३०४ जातीला चुंबकत्व मुळात नाहीच, त्यामुळे डमी लोडवर हा क्षण कधी येतच नव्हता. चार दिवस आम्ही मशीनची परीक्षा घेत होतो, फक्त त्यात अवघड प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलीने एक शहाणपणाची गोष्ट केली. व्हेरिअॅक (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) लावून डीसी १५० व्होल्टवर आणला, म्हणजे चुकलं तरी चिप मरणार नाहीत, आणि १२ ऐवजी ६ मिलिमीटरची पिन घेतली, म्हणजे कमी पॉवरमध्येही लाल होईल. स्कोपवर ब्रिजचा व्होल्टेज आणि कॉइलकडे जाणारा करंट शेजारी शेजारी लावले. पिन काळी होती तेव्हा फ्रिक्वेन्सी १४० किलोहर्ट्झच्या आसपास, आणि करंट व्होल्टेजच्या थोडा मागे, म्हणजे हवा तसा. पिन लाल व्हायला लागली तशी फ्रिक्वेन्सी १६५ कडे चढली, आणि चढता चढता करंट व्होल्टेजच्या पुढे गेला. सेकंदाच्या लहानशा भागापुरता, मग पुन्हा मागे आला. तेवढाच तो क्षण. १५० व्होल्टला त्या क्षणी नुसते काटे दिसले, ५८७ ला स्फोट झाला असता.

करंट पुढे जाणं इतकं वाईट का? तो मागे असतो तेव्हा स्विच चालू व्हायच्या आधी त्याच्यावरचा व्होल्टेज आपोआप शून्यावर आलेला असतो, काम सुखाने होतं. पुढे गेला की समोरच्या मॉस्फेटच्या पोटातला डायोड चालू असतानाच त्याला जबरदस्तीने बंद करावं लागतं. सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचचा व्होल्टेज नॅनोसेकंदाला कित्येक डझन व्होल्टने चढतो. तो झटका गेट आणि ड्रेन (मुख्य करंटचं एक टोक) यांच्यामधल्या कपॅसिटन्समधून गेटवर पोचतो आणि बंद असलेला मॉस्फेट अर्धवट उघडतो. तापलेल्या चिपचा उंबरठा आधीच खाली आलेला असतो, दीड-दोन व्होल्टही त्याला पुरतात. वरचा आणि खालचा एकदम उघडे म्हणजे बस शॉर्ट.

आणि इथे आमच्या जुन्या, गुणी कार्डाचा खरा चेहरा दिसला.

एक मायक्रोसेकंद

कार्डातली इशाऱ्याची वाट अशी: आधी करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा फिल्टर, मग कंपॅरेटर, मग ऑप्टोकपलरचा ड्रायव्हर. करंट शून्य झाला हे कळण्यापासून स्विच प्रत्यक्ष हलेपर्यंत मिळून साधारण १ मायक्रोसेकंद जात होता. १० किलोहर्ट्झला एक फेरा १०० मायक्रोसेकंदांचा, त्यात १ म्हणजे ३.६ अंश, कुणाच्या खिजगणतीत नाही. १५० किलोहर्ट्झला फेरा ६.६७ मायक्रोसेकंदांचा. तोच १ मायक्रोसेकंद आता ५४ अंश झाला.

हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. कार्डात फेज मागेपुढे करायचा पॉट (हाताने फिरवायचा रोध) आहे, आणि तो डमी लोडवर फिरवून आम्ही २० अंशांची सवड राखली होती. चूक अशी की तो पॉट अंशांत भरपाई करतो आणि उशीर असतो वेळेचा. १४० किलोहर्ट्झला १ मायक्रोसेकंद म्हणजे ५० अंश, १६५ ला ५९. फ्रिक्वेन्सी चढली की सवडीतले ९ अंश गुपचूप खाल्ले जात. वरून ३०० नॅनोसेकंदांचा डेड टाइम, म्हणजे एक स्विच बंद करून दुसरा चालू करण्याआधीचा थांबा, तो स्वतःच १६ अंशांचा. आणि कार्डाचा फ्रिक्वेन्सीमागे धावणारा लूप १० किलोहर्ट्झच्या मोठ्या शाफ्टच्या सावकाश चढणीला जुळवलेला. लहान पिनीची चढण त्याला झेपेना, पिन पुढे आणि तो मागे.

एवढं होऊनही चिप वाचायला हवी होती, शॉर्ट सर्किटचं संरक्षण होतंच की. ते संरक्षण आयजीबीटीसाठी होतं. आयजीबीटी साधारण १० मायक्रोसेकंद शॉर्ट सोसतो, म्हणून कार्ड सहा मायक्रोसेकंद खात्री करून घेऊन मग बंद करायचं. सिलिकॉन कार्बाइडची चिप तेवढ्याच करंटला आकाराने कितीतरी लहान, त्यामुळे तापायला वस्तुमानच नाही. ती दोन-तीन मायक्रोसेकंदांत जाते. कार्डाने तिन्ही वेळा आपलं काम चोख केलं होतं, मेलेल्या चिपवर.

मेलेल्या चिपही आम्ही टाकल्या नाहीत. मेटलर्जीच्या लॅबमध्ये जॉब रेझिनमध्ये बसवून घासायची सोय आहे, तिथे मुलीने एक मॉस्फेट घासायला घेतला. प्लास्टिक झरझर गेलं. मग अडलं. लॅबचा मदतनीस वैतागून म्हणाला, मॅडम, पेपरच झिजतोय. पेपर सिलिकॉन कार्बाइडचा आणि खालची चिपही सिलिकॉन कार्बाइडची! शेवटी डायमंड पेस्ट मागवली. सोर्सच्या (मुख्य करंटच्या दुसऱ्या टोकाच्या) वायरखाली खड्डा, अॅल्युमिनियम वितळून गेटकडे वाहत गेलेलं. आठांपैकी पाच चिपमध्ये खड्डा जवळजवळ त्याच जागी. उष्णतेने हळूहळू मेलेली चिप अशी दिसत नाही, ही एका झटक्याने गेलेली होती. माझ्या पहिल्या निदानाचा रीतसर पंचनामा.

दुरुस्ती

कार्ड बदललं, यात नवल नाही. ड्रायव्हर मॉस्फेटला चिकटून बसवले. आधी पंधरा सेंटिमीटरच्या पिळलेल्या तारा होत्या, त्या गेल्या. तीन पायांच्या मॉस्फेटऐवजी चार पायांचे घेतले. त्यात गेटच्या करंटला परतीची वेगळी वाट असते, मुख्य करंटचा झटका तिच्यावर येत नाही. बंद ठेवताना गेटवर शून्याऐवजी उणे ४ व्होल्ट. शॉर्टचं संरक्षण दीड मायक्रोसेकंदाच्या आत आणलं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उशिराची भरपाई आता वेळेत होते, अंशांत नाही, आणि दर फेऱ्याला होते. ते काम मुलीने एका छोट्या एफपीजीएवर (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर) केलं. त्यात तिचे पाच आठवडे गेले, आणि त्यांतले तीन मीच दिलेल्या चुकीच्या खुणेमागे. करंट ट्रान्सफॉर्मरची दिशा उलटी होती. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

पहिली पिन धरताना शेडमध्ये चौघे होतो आणि कुणीच कॉइलकडे बघत नव्हतं, सगळ्यांची नजर पेटीवर. एकटे मामा पिनीकडे बघत होते. “झाली लाल,” ते म्हणाले, आणि फवारा सोडला. पेटीतून पंख्याशिवाय कसलाही आवाज नाही.

पिन कापून बघितली. कडक थर दीड मिलिमीटरच्या आसपास, गाभा मऊ, पिन सरळ. त्या दिवशी ऐंशी पिना झाल्या.

आता तिच्या सापळ्यांकडे येतो. मशीन चालू झाल्यावर तिने एक मोजणी सुरू केली: दर सोमवारी, काम सुरू व्हायच्या आधी, थंड मशीनवर आठही मॉस्फेटचा उंबरठा व्होल्टेज मोजायचा. गेटला उणे ४ आणि अधिक १५ यांच्यामध्ये सेकंदाला दीड लाख वेळा हेलपाटे मारायला लावलं की ऑक्साइडच्या त्या सापळ्यांचं काय होतं, हे बंद लॅबपेक्षा धुळीच्या शेडमध्ये बघणं तिला जास्त रास्त वाटतं. मलाही वाटतं. स्फटिक आपण वाढवू शकत नसू, पण तो रोज आठ तास मार खाताना बघणारे फार थोडे आहेत. उंबरठा सरकला की डेड टाइमच्या त्या १६ अंशांचा हिशेब पुन्हा बदलतो, म्हणून ही मोजणी अण्णांच्याही कामाची. तिने त्यांना ते कसं पटवलं ते मी ऐकलं नाही. सोमवारी सकाळी शेडची किल्ली मात्र आता तिच्याकडे असते.

व्हॉल्वचं मशीन अण्णांनी काढलेलं नाही. फिलामेंट बंद आहे, वर ताडपत्री आहे. विचारलं तर म्हणतात, “राहू दे ओ सर, जागा काय खातंय.” जागा खातंय.

एक गोष्ट अजून सुटायची आहे. कॉइल बदलली की उशिराचा आकडा थोडा बदलतो, कारण करंट ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या पट्ट्यांची लांबी बदलते. शेडमध्ये कॉइल नऊ आहेत. सध्या मामा प्रत्येक कॉइलचा आकडा तिच्यामागच्या भिंतीवर खडूने लिहितात, नॅनोसेकंदात, मराठी आकड्यांत. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर गोकाककडचा, त्याला कानडी आकडे सवयीचे. म्हणून त्याने शेजारी आपले लिहिलेत. मागच्या पंधरवड्यात सहा नंबरच्या कॉइलचे दोन्ही आकडे जुळत नव्हते. मुलीने मोजून बघितलं, दुसऱ्या पाळीवाल्याचा बरोबर निघाला. मामांनी आपला पुसून नवा लिहिला.